ताटल्या धुण्याचं मशीन

"साठे, माझी स्टीम कुणी पळवली?"

डाय-हाउसचे फोरमन राणे ओरडतच कॅन्टीनमध्ये शिरले. डाय-हाउस म्हणजे कापड रंगवायचं खातं. त्यांच्या हातात ओलं लाल कापड होतं आणि त्यावर फिकट पट्टे उठले होते. मी माझ्यासमोर घरघरणाऱ्या लोखंडी पेटीकडे पाहिलं. स्टीम कुठे गेली ते लगेच कळलं.

"आधी ते बंद करा. नाहीतर अख्ख्या लॉटची वाट लागेल."

मी व्हॉल्व्ह बंद केला.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. घाटकोपरच्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात मी असिस्टंट इंजिनिअर होतो. बॉयलर, पंप आणि पाइप माझ्याकडे. आमचे मॅनेजर मर्चंट साहेब यांनी फोर्टातल्या एका हॉटेलातून ताटल्या धुण्याचं जुनं विलायती मशीन विकत आणलं. आमच्या कॅन्टीनमध्ये मोरीवर बसून बायका ताटल्या घासायच्या, राख आणि नारळाची शेंडी घेऊन. साहेबांचा प्रश्न सरळ होता.

"साठे, हे लावलं तर किती बायका कमी होतील? चालवून बघा आणि मला सांगा."

मला खरंच उत्सुकता होती. असलं यंत्र मी फक्त कॅटलॉगमध्ये पाहिलं होतं. पेटीला दार. आत लाकडी चौकट, म्हणजे रॅक. त्यात ताटल्या उभ्या लावायच्या. दार लावलं की खालून-वरून गरम सोड्याच्या पाण्याचे फवारे, आणि शेवटी उकळत्या पाण्याचा एक झोत. पाणी तापवायला बॉयलरची वाफ.

मी पाइप जोडत होतो तेव्हा घासणाऱ्या बायकांची मुकादम सावित्रीबाई शेजारी येऊन उभी राहिली. मालवणकडची. असल्फ्याच्या टेकडीवर राहायची. नवऱ्याची गिरणी सुटलेली.

"सायबानू, खरां सांगा. ह्यां मशीन आमची भाकरी खातलां काय?"

"मलाही माहीत नाही, सावित्रीबाई. बघूया."

"बघूया म्हणजे? आमका घराक धाडून बघतल्यात?"

मी पाना फिरवत राहिलो.

पहिल्या ट्रायलला आमटी-भाताच्या ताटल्या तशाच आत घातल्या. बाहेर आल्या तेव्हा डाळ गेली होती, वाळलेली शितं मात्र चिकटलेलीच. बायका खो खो हसल्या. मग सावित्रीबाईनेच ताटल्या भिजवून, हाताने खरवडून दिल्या. या वेळी त्या लखलखीत निघाल्या. हसणं थांबलं. एकीने ताटलीवरून बोट फिरवलं, मग दुसरीने. थोड्या वेळाने दार कोण उघडणार यावरून त्यांच्यात वाद लागला.

मर्चंट साहेब बघायला आले. "म्हणजे आधी यांनीच धुवायचं आणि मग मशीनने?"

"अर्धं धुवायचं, साहेब."

"मग मी पैसे कशाचे दिले?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मशीन पूर्ण जोरात चालवलं आणि राणे धावत आले. कारण साधं होतं. जेवण पाळीपाळीने व्हायचं, म्हणजे ताटल्या धुतल्या जात तेव्हा डाय-हाउस चालूच. बॉयलर एकच. मशीनने वाफ ओढली की तिकडे प्रेशर पडायचं आणि रंगाचं पाणी उकळायचं थांबायचं. नवा बॉयलर साहेब घेणार नव्हते. खातं बंद झाल्यावर धुवायचं म्हटलं, तर जेवणाच्या पुढच्या पाळीला ताटल्या कुठून आणायच्या? मशीन बंद केलं ते कायमचंच. पट्टे उठलेलं कापड राण्यांनी गडद मरून रंगात बुडवून वाचवलं.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. त्या गडबडीत मी शेवटचा रॅक तसाच बाकावर ठेवला होता. राणे गेल्यावर हात लावला तर ताटल्या ठणठणीत कोरड्या. कुणीही पुसल्या नव्हत्या. उकळत्या पाण्याने ताटली इतकी तापते की अंगावरचं पाणी आपोआप उडून जातं. आमच्याकडे तर एक ओलं, वास मारणारं फडकं दिवसभर सगळ्या ताटल्यांवर फिरायचं.

मी मशीनमधले रॅक काढून घेतले. एक पत्र्याची टाकी केली, तिच्यात पाणी भरून ते उकळायला वाफेची बारीक नळी सोडली. एवढ्याशा वाफेने डाय-हाउसला काही फरक पडेना. हाताने घासलेल्या ताटल्या रॅकमध्ये लावायच्या, टाकीत बुडवायच्या आणि बाहेर काढून ठेवायच्या. झालं.

साहेब खूश. "आता सांगा, किती कमी?"

"घासणारी एकही नाही. पुसणारी एक."

सावित्रीबाई दारातच उभी होती. "पुसणारी म्हणजे आमची कमळा," ती म्हणाली.

कमळाबाईचे गुडघे गेलेले. मोरीवर बसता येत नाही म्हणूनच तिला स्टुलावर बसवून फडकं दिलेलं. मशीनच्या भीतीने सगळ्या घासणाऱ्या हादरल्या होत्या. कमळाबाई तेवढी निवांत होती. पुसायचं मशीन कुठे आलं होतं?

"बसता येत नाही, पण उभं राहता येतं ना?" मी कमळाबाईला जाऊन विचारलं.

"उभी ऱ्हवतंय," कमळाबाई म्हणाली. "पण ती चौकट उचलूक व्हयी, तेचा काय? मोप जड आसा."

भरलेला रॅक जड होता हे खरंच. मी टाकीवर कप्पी बसवली आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला वजन बांधलं. आता रॅक एका हाताने वर यायचा. मग साहेबांना सांगितलं, टाकीजवळ कायम एक माणूस लागेल.

"एक कमी, एक जास्त. म्हणजे शून्य?"

"शून्य, साहेब. पण फडकं गेलं."

साहेबांनी रॅकमधली एक कोरडी ताटली उचलून बघितली. "ठीक आहे. ठेवा तिला."

कमळाबाई मी नोकरी सोडेपर्यंत त्या टाकीवर होती. माझे आभार मात्र तिने कधी मानले नाहीत. उलट तक्रारच असायची: वाफ तोंडावर येते, आणि पूर्वी पुसता पुसता बायकांशी चार गप्पा तरी व्हायच्या.

पुढे नोकरीत बरीच मशीनं बसवली. दर वेळी कुणीतरी विचारायचंच, हे आलं की कुणाची नोकरी जाणार? मी सांगायचो, आधी चालवून बघू. आणि ज्याला आपल्याला काही धोका नाही असं वाटत असायचं, त्याचं काम मी सगळ्यात आधी जाऊन बघायचो, कमळाबाईसारखं त्याचंच जाऊ नये म्हणून.