डावा डोळा

समता लहानपणी उंबऱ्याला अडखळायची. पाणी ओतलं की ते ग्लासाबाहेर सांडायचं, फेकलेला चेंडू हातात न येता कपाळावर बसायचा. तिचे वडील गुलाबराव अमडापूरच्या शाळेत मास्तर. स्वतःचीच पोरगी अशी धांदरट, याची त्यांना लाज वाटायची. ते तिच्या बोटांवर पट्टी मारत. "लक्ष कुठी राह्यते तुह्यं?"

पुढे ती नर्सिंगला गेली. सलाईन लावताना सुई शिरेच्या बाजूलाच जायची. एका म्हाताऱ्या पेशंटचा हात सुजला, तेव्हा मॅडमनी सगळ्यांदेखत तिच्या हातातून ट्रे काढून घेतला. समताने कोर्स सोडला. मेहकरला लग्न झालं.

तिची मुलगी प्राची पाच वर्षांची झाली आणि तीही तशीच अडखळू लागली. समताने तिला खामगावला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी प्राचीचा उजवा डोळा झाकला, तशी भिंतीवरची चित्रं धडाधडा ओळखणारी पोर गप्प झाली. मग त्यांनी समतालाही खुर्चीत बसवलं.

"दोघींचाही डावा डोळा अधू आहे. दोन्ही डोळे मिळून पाहत नाहीत, म्हणून अंतराचा अंदाज येत नाही. चष्मा, डावा कामाला लागावा म्हणून उजव्या डोळ्यावर पट्टी, मणी ओवणं, चेंडू झेलणं. मुलगी सुधारेल."

"अन् मी?"

"लहानपणी यायला हवं होतं."

सुट्टीत ती माहेरी गेली. गुलाबराव अंगणात नातीकडे चेंडू हळूच टाकायचे, सुटला की वाकून स्वतः उचलून आणायचे. "अजून एक डाव, बेटा." तो मऊ आवाज समताने कधी ऐकला नव्हता.

"बाबा, मले काऊन मारत होते?"

ते चेंडू पुसत राहिले. "तू लहान असताना शाळेत डॉक्टर डोळे तपासाले आले होते. तुह्या डोळ्यात फरक हाय म्हणे. चष्म्याच्या पोरीले स्थळ येत नाही, म्हणून म्या कोणाले सांगतलं नाही."

"माहीत होतं तुम्हाले. तरी मारलं?"

"तू लक्ष देशीन तर तुले जमंल, असं वाटे."

समताने प्राचीची पिशवी भरली आणि दुपारच्या एसटीने दोघी मेहकरला परतल्या.

आता ती घरीच मुलीकडून सराव करून घेते. प्राची दहातले सात-आठ चेंडू झेलते. गुलाबरावांचा फोन आला की समता तो मुलीच्या हातात देते आणि स्वयंपाकघरात निघून जाते.