सहाचा सबग्रुप

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी अमूर्त बीजगणित शिकवायला आमच्या कॉलेजात नवे सर आले. तोवर हा विषय म्हणजे फळ्यावरचं प्रमेय उतरवून घ्यायचं आणि परीक्षेत तसंच्या तसं लिहून यायचं. सरांनी पहिल्याच तासाला आम्हाला कॉम्प्युटर लॅबमध्ये नेलं. "आधी प्रोग्रॅम लिहा, काय दिसतं ते बघा. सिद्धता मागाहून," ते म्हणाले. निम्मी मशिनं बंद होती, म्हणून तिघातिघांचे गट पाडले. "गटातल्या एकाला कळलं म्हणजे तिघांना कळलं पाहिजे. मार्कही तिघांना सारखेच." मला ते फार आवडलं होतं.

मी कोरीटची, रोज एसटीने नंदुरबारला येणारी. गटात माझी मैत्रीण होती. बी.एस्सी.पासून आम्ही एका बाकावर बसायचो. एसटी चुकली की मी तिच्याच घरी राहायची, तिची आई मला न विचारता ताट वाढायची. तिसरा मोलगीकडचा एक मुलगा. होस्टेलला राहायचा, घरी पावरी बोलायचा. आम्ही दोघी अहिराणीत सुरू झालो की तो हात वर करायचा, "मराठीत सांगा."

लॅबमध्ये मजा यायची. मैत्रिणीकडे लॅपटॉप होता, ती टाइप करायची. मोलगीचा तो चुका चटकन हेरायचा. पायथनमधली फंक्शनं, म्हणजे प्रोग्रॅमचे सुटे तुकडे, बहुतेक मी लिहायची, तीही एसटीत बसून मोबाइलवर. ग्रुप म्हणजे काय हे पुस्तकातून मला कधीच कळलं नव्हतं. चार वस्तूंच्या जागा अदलाबदल करणारा प्रोग्रॅम लिहिला तेव्हा ते बोटांना कळलं. एक अदलाबदल, तिच्यावर दुसरी, आणि कितीही केल्या तरी आपण त्याच कुटुंबात राहतो.

मग सरांनी प्रत्येक गटाला एक प्रश्न दिला. आमचा असा होता: ग्रुपमधल्या घटकांच्या संख्येला ज्या संख्येने भाग जातो, तेवढ्या घटकांचा सबग्रुप, म्हणजे आतलं छोटं कुटुंब, दर वेळी सापडतो का? आम्ही एकेक ग्रुप घालत गेलो. दर वेळी सापडत होता. आम्हाला वाटलं, झालं, उत्तर 'हो'.

मग चार वस्तूंच्या अदलाबदलींतलाच बारा घटकांचा एक ग्रुप घातला. दोनचा सबग्रुप आला, तीनचा आला, चारचा आला. सहाचा येईना. पडद्यावर तिथे रिकामी जागा.

"तुन्हा फंक्शनमाच काही चूक हुई," मैत्रीण म्हणाली. सबग्रुप शोधणारं फंक्शन माझंच होतं. मलाही तसंच वाटलं. मी म्हटलं, "मी शोधते."

त्यानंतर मी दुसरं काही केलंच नाही. एसटीत ओळ न् ओळ तपासली. घरी गच्चीवर मिरची वाळत पडलेली, आई ती परतत असायची आणि मी सावलीच्या तुकड्यात मोबाइल घेऊन बसायची. आई एकदा म्हणाली, "काय शोधी ऱ्हायनी व इतलं?"

"चूक."

"कोनी?"

"मन्हीच."

मैत्रीण रोज संध्याकाळी फोन करायची. "सापडनी का?" मी नाही म्हटलं की म्हणायची, "धीर धर, सापडी." फोन ठेवल्यावर बरं वाटायचं. आपल्या चुकीपायी गट अडकलाय आणि तरीही ही मला बोल लावत नाही, असं मनात यायचं.

गटांनी उत्तरं वर्गापुढे मांडायच्या दिवशी मी तिला लॅबच्या दारातच म्हटलं, "आपण सरांना सांगू, अजून झालं नाही." ती म्हणाली, "मी बोलते." आणि सरळ फळ्याशी गेली.

तिने तो बारा घटकांचा ग्रुप लिहिला. मग वळून म्हणाली, "इथे सहाचा सबग्रुप नाहीच. प्रोग्रॅम बरोबर आहे. आपल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. मला पहिल्याच दिवशी शंका आली होती, म्हणून मी सरांकडे गेले." थोडं हसून पुढे म्हणाली, "माझा गट अजून चूक शोधतोय."

वर्ग हसला. मीही हसले असेन, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. मोलगीचा तो मात्र माझ्याकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता.

तास संपता संपता सरांनी जाहीर केलं की पुण्याच्या उन्हाळी शिबिरासाठी कॉलेजातून एकच नाव जाणार होतं, ते तिचं पाठवलंय. शिबिर आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

कॅन्टीनमागे मी तिला गाठलं. "तुले माहीत व्हतं?"

"हा."

"मंग मले का नही सांगं?"

ती बॅगेची चेन उघडत-लावत राहिली. "जागा एकच व्हती. तुले सांगं असतं ते तुन्हं नाव गयं असतं. फंक्शन तुन्हंच शे ना."

"आनि रोज फोन?"

तिने चेन लावून टाकली. मग म्हणाली, "तू सरकडे जाशी का काय, ते दखाले."

तिने माझं नाव मागे टाकलं, ते मी कदाचित गिळलं असतं. पण तो आवाज, 'धीर धर', तो माझ्यावर पहारा होता. तिथे मला रडू आलं नाही. एसटीत आलं, खिडकीकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. "सर, एकाला कळलं म्हणजे तिघांना, असं तुम्ही म्हणाला होतात."

"मी तिला सांगितलं होतं, गटाला सांग म्हणून." ते पेपर बघतच बोलत होते. "आता नाव गेलंय. आणि मार्क तिघांना सारखेच दिलेत की."

मी बाहेर आले. मोलगीचा तो जिन्यात थांबला होता. त्याने एवढंच विचारलं, "पण सहाचा का नाही? ते तिने सांगितलंच नाही."

खरंच सांगितलं नव्हतं. आम्ही दोघं लॅबमध्ये बसलो. तिसरी खुर्ची रिकामी होती, त्यावर बॅगा ठेवल्या. अर्ध्या आकाराचा सबग्रुप असेल तर प्रत्येक घटकाचा वर्ग, म्हणजे तोच घटक लागोपाठ दोनदा, त्यात यायलाच हवा, हे त्याला दिसलं. तीन वस्तू फिरवणारे घटक आठ आहेत आणि ते सगळे कुणाचे ना कुणाचे वर्ग आहेत, हे मला. सहाच्या घरात आठ कसे मावतील? आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. त्या आठवड्यात पहिल्यांदा मला भूक लागली.

शिबिराहून परतल्यावर ती माझ्या बाकाशी आली. म्हणाली, तिथे हे उदाहरण सगळ्यांना आधीच येत होतं, तिला सिद्धता विचारली आणि ती देता आली नाही. मग हळूच, "तू कशी करी? सांग ना."

मी सरकून जागा करणार होते. तेवढी सवय अंगात होती. पण तोंडून निघालं, "सरले इचार."

ती मागच्या बाकावर जाऊन बसली. आता आम्ही दोघीही जिल्ह्यातच शिकवतो. पेपर तपासणीला भेटतो, बदल्यांविषयी बोलतो, एकमेकींच्या आईची चौकशी करतो. गणिताविषयी बोलत नाही.