अप्पांचा कीबोर्ड

मी चिडकी बाई आहे. शाळेत पोरं माझ्यामागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यांचं काही चुकत नाही. पण आयुष्यभराच्या चिडण्यात एकच चिडणं असं आहे, की त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

जुळे सोलापुरात आम्ही दोघंच राहतो, मी आणि माझे वडील. त्यांना आम्ही अप्पा म्हणतो. अप्पा सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट होते. निवृत्त झाल्यावर मी त्यांना संगणकावर घरखर्च लिहायचा एक प्रोग्रॅम लावून दिला, आणि त्यांनी तो असा अंगवळणी पाडून घेतला की काही विचारू नका. सकाळचा चहा झाला की स्वारी खुर्चीत. दूध, पेपर, कडक भाकरी, दवाखान्याची रिक्षा, सगळं लिहायचे. कीबोर्डवरची अक्षरं इंग्रजी, पण अप्पा खाली बघतील तर शपथ! कचेरीतल्या टाइपरायटरवर जे अक्षर जिथं होतं, बरोबर तिथंच बोट पडायचं आणि पडद्यावर मराठी उमटायची. तसं सेटिंग त्यांनी कुणाकडून तरी करून घेतलं होतं. कुणाकडून, ते मी कधी विचारलंही नाही.

मग विसरणं सुरू झालं. जेवलो की नाही, आज वार कुठला, आई गेली की आतल्या खोलीत झोपलीय. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जे काम ते अजून स्वतःचं स्वतः करतात ना, त्यात हात घालू नका. त्याच्यावरच ते टिकून आहेत." असं काम एकच उरलं होतं. खुर्चीत बसले की अप्पा माझ्याकडे न बघता दरडावायचे, "भाजीचे किती झाले? नीट सांग, अंदाजे नको." तेवढा अर्धा तास माणूस शाबूत असायचा. तो अर्धा तास जपायचा, एवढीच माझी जबाबदारी होती.

आणि मी नेमका त्यातच हात घातला. संगणकावर रोज सूचना यायला लागली की या विंडोजला आता पुढे अपडेट मिळणार नाहीत. शाळेतले संगणकाचे सर म्हणाले, "विंडोजच्या जागी लिनक्स टाका की मॅडम. फुकट आहे, आणि तुमचा तो प्रोग्रॅम त्याच्यावरही चालतो." अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आठवडाभर त्यांना पडद्याकडे बघायचं नव्हतं. म्हटलं, हीच वेळ. हिशेबाची फाईल पेनड्राइव्हवर घेतली, जुनं सगळं पुसलं, नवं टाकलं. फाईल उघडली तर एकूण एक नोंद जागेवर. अक्षर मोठं केलं, रकाने त्यांच्या क्रमानं लावले, मराठी सुरू केली. काय खूश झाले होते मी स्वतःवर! मराठीचा कीबोर्ड कुठला, हा प्रश्नच डोक्यात आला नाही. मी मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणारी. बोटांना मराठी येते, हे मला कुठून सुचणार?

आठव्या दिवशी अप्पा बसले. 'दूध' लिहायला गेले आणि पडद्यावर 'लैयक' असलं काहीतरी उमटलं. त्यांनी पुसलं, पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, घातला. मग मान खाली घालून ते स्वतःच्या बोटांकडे बघायला लागले.

"अगं, हे बघ काय होतंय."

माझ्या हातात डबा होता, शाळेला उशीर होत होता. मी पडद्यावर नजर टाकली. ते एक 'लैयक' सोडलं तर रकाने, नोंदी, सगळं व्यवस्थित दिसत होतं.

"सिस्टीम बदललीय अप्पा, बाकी सगळं होतं तसंच आहे. मी तपासलंय."

"पण मी बरोबर मारतोय."

"नाही मारत आहात बरोबर!" मी ओरडलेच. "रोज काही ना काही विसरता, आज हे विसरलात. कळतंय का तुम्हाला?"

अप्पांनी बोटं कीबोर्डवरून उचलली. मग हळूच म्हणाले, "असेल बाई." मी चपला घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते खुर्चीत बसले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, रुसलेत, येतील. ते सकाळभर पलंगावर भिंतीला टेकून बसायला लागले. भाजीचे किती झाले, हे विचारणं थांबलं. महिनाभरानं शाळेत बोलता बोलता ते सर म्हणाले, "अप्पा टायपिस्ट होते ना? मग त्यांना टाइपरायटरसारख्या अक्षरांच्या जागा असलेला कीबोर्ड लागेल. तो सेटिंगमध्ये वेगळा निवडावा लागतो, आपोआप येत नाही."

मी तशीच निघाले. घरी आले, सर फोनवरून सांगत गेले, मी करत गेले. दोन मिनिटं लागली, फक्त दोन मिनिटं. अप्पांना हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवलं. त्यांचे हात उचलून कीबोर्डवर ठेवले. त्यांनी ते परत मांडीवर घेतले.

"अप्पा, तुमचं बरोबर होतं," मी म्हणाले. "तुमची बोटं बरोबर पडत होती. चूक माझी होती, सेटिंग माझ्याकडून राहिलं होतं. तुम्ही काहीसुद्धा विसरला नव्हता." सांगता सांगता मला रडू फुटलं.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस," ते म्हणाले. "मला माझं कळतंय."

मग त्यांनी मला विचारलं, "आता उठू का मी?"