शालिकभाऊंच्या पडद्यावरची सावली

शालिकभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावरच संशय घेत बसले होते. चंद्रपूरच्या माझ्या खोलीत, संगणकावर त्यांचं शेवटचं चित्र उघडून, त्यातल्या खुर्चीची सावली पुन्हा पुन्हा मोठी करून पाहत होते. फोन त्यांच्या बायकोचा, कुसुमबाईंचा. "बाई, हे गेले ना आमचे..." एवढंच म्हणाल्या. फोन ठेवला, तर समोर ती सावली तशीच पडलेली. रडू आलं. पण खोटं कशाला बोलू, संशय काही गेला नाही.

शालिकभाऊ सिंदेवाहीचे पेंटर. आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की गावोगाव मांडव पडतात, नाटकं होतात. त्या नाटकांचे पडदे ते रंगवायचे. महाल, जंगल, पोलीस ठाणं, गरिबाचं घर. पुढं छापील फ्लेक्सचे पडदे आले आणि त्यांचं काम बसलं. मी त्यांच्याच गावची, आता चंद्रपुरात संगणकाचे क्लास घेते. एक ॲडव्हेंचर गेम बनवायचं माझ्या डोक्यात होतं. नाटक कंपनीची बाजाची पेटी हरवते आणि खेळणारा ती शोधत भातगिरणी, विश्रामगृह, रंगपटाची खोली असा एकेका चित्रातून फिरतो, वस्तू उचलतो, कुलपं उघडतो. असल्या खेळांच्या चाहत्यांत एक जुनं भांडण आहे. चित्रं हातानं काढलेली असावीत, की प्री-रेंडर्ड? म्हणजे संगणकातच खोली उभी करायची, दिवे लावायचे आणि त्या खोलीचं तयार चित्र खेळात बसवायचं. मी दुसऱ्या बाजूची. शालिकभाऊंना गाठलं ते केवळ दोन-चार पडदे नमुन्याला मिळावेत म्हणून.

मी बनवलेली भातगिरणी त्यांना दाखवली. लॅपटॉपच्या चारी बाजूंनी मान फिरवून पाहिली त्यांनी, जसं काही मागून कुणी डोकावतंय. मग म्हणाले, "चांगली हाय. पण मले हिच्यावर भरोसा नाई. सगळ्याच वस्तू सारख्या चमकून राह्यल्या. चोर जरी घुसला तरी त्याले समजाचं नाई का काय उचलावं." मी म्हटलं, तुमच्या चित्रात तर उचलायची वस्तू लांबूनच ओळखू येईल, मग खेळात मजा ती काय? "मंग आंधळ्यायसाठी बनवून राह्यली का तू?" असं आमचं जुंपायचं. शेवटी मीच नमले. त्यांनी रंगवलेली गिरणी पाहिली आणि मला तिथल्या कोंड्याचा वास आला, माझ्या गिरणीला तो नव्हता. सगळी चित्रं त्यांनीच करायची असं ठरलं. त्यांची अट एकच, "माह्या नावाखाली लिहिजो, हातानं रंगवलं. बस. दुसरं काई नको."

घरामागच्या टिनाच्या शेडात ते काम करायचे. शेडची डावी बाजू उघडी, पलीकडं बोडीचं, लहानशा तळ्याचं, पाणी. तिथं कुणी उभं राहिलं की ब्रश थांबायचा आणि मागं न पाहता आवाज यायचा, "उजेड सोड." गावचा सरपंच असो की दारावरचा भाजीवाला, तेच. कापड मात्र एकच होतं, जुन्या महालाच्या पडद्यातून कापलेला खाटेएवढा तुकडा. चित्र झालं, मी फोटो काढला, की त्याच्यावरच खडू आणि सरसाचा पांढरा हात मारायचा आणि पुढचं चित्र चालू. मी नवं कापड आणून दिलं, तर म्हणाले, नवं कापड रंग पिते. नाटकाचे पडदे असेच, महाल जुना झाला की त्याच्यावर जंगल. मला धास्ती वाटायची, त्यांना काहीच नाही. फोटोवर मात्र भारी संशय. पडद्याशेजारी लॅपटॉप धरायला लावून रंग ताडून पाहायचे. "बदलवत तं नाई ना तू, मांगून?"

एकाच गोष्टीवरून आमचं खरं बिनसलं. चित्रात खिडकी उजवीकडं असली तरी त्यांच्या सावल्या पडायच्या उजवीकडंच. अहो भाऊ, म्हटलं, खिडकीतून उजेड येतो ना, मग सावली डावीकडं नको का? "चित्रातली खिडकी काहाचा उजेड देते? ते तं मीच काढली हाय. उजेड बाहेरून येते, बाई." मला वाटलं, चूक झाकायला माणूस काय काय बोलतो.

मग त्यांची तब्येत उतरली, हात थरथरायला लागले. चहाची कपबशी कुसुमबाई धरायच्या. दोन चित्रं उरली होती, विश्रामगृह आणि रंगपटाची खोली. एक दिवस स्वतःहून म्हणाले, "तुही ते कंप्युटरची रंगपटाची खोली हाय ना, थे छापून दे मले." ज्यांनी माझ्या चित्राकडं कधी सरळ पाहिलं नाही, ते आता छापून मागतात? दिलं मी छापून. महिन्याभरात दोन्ही चित्रांचे फोटो आले, कुसुमबाईंच्या फोनवरून. रेषा स्थिर, कुठं थरथर नाही. आणि सावल्या... दोन्हीकडं अगदी बरोबर, खिडकी उजवीकडं, सावली डावीकडं. संगणकानं टाकावी तशी.

खेळाचा नमुना काही जणांना खेळायला दिला होता. त्यातल्या एकानं लिहिलं, आधीची चित्रं हातची वाटतात, शेवटची दोन संगणकाची, मग सरळ सांगत का नाही? सध्या सगळ्यांनाच सगळ्याचा संशय, त्यामुळं त्याला दोष देववेना. मला स्वतःलाच तसं वाटत होतं. माझाच छापील कागद गिरवून रंग भरला असेल? की दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं? भाऊंना विचारायचं रोज ठरवत होते आणि तेवढ्यात तो फोन आला. आता त्यांच्या नावाखाली 'हातानं रंगवलं' लिहायचं, की ती ओळ गाळायची? लिहिलं आणि खोटं निघालं, तर मेलेल्या माणसाला लोक लबाड म्हणणार. गाळलं, तर मीच म्हटल्यासारखं होणार.

तेरवीला गर्दी होती, काही विचारता आलं नाही. नंतर एका दुपारी मुद्दाम गेले. आधी शेडात डोकावले, शेड रिकामं. कुसुमबाईंनी पुढच्या खोलीत बोलावलं. भाऊंची खाट तिथंच होती आणि खाटेसमोर भिंतीला तो तुकडा, त्यावर रंगपटाची खोली. याच्यावर पांढरा हात मारायला ते उरले नव्हते. मी नाक लावून पाहिलं. खुर्चीचा एकच पाय तीनतीनदा ओढलेला. आरशाची कड मुंगी चालल्यासारखी. फोनच्या फोटोत ही सगळी थरथर पुसून गेली होती. माझा छापील कागद खाली पडला होता, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ब्रश पुसलेले. म्हणजे त्यासाठी मागितला होता का? जाड कागद आहे म्हणून?

"शेडात जाणं होत नव्हतं त्यायले," कुसुमबाई म्हणाल्या. "तं पडदाच इथी आणला. पडल्या पडल्या रंगवत. हात थांबला का झोपत, उठले का मंग."

मी वळून पाहिलं. या खोलीला खिडकी एकच, खाटेवरून पडद्याकडं तोंड केलं की उजव्या हाताला. कोनाड्यातल्या ब्रशच्या डब्याची सावली भिंतीवर डावीकडं पडली होती, पडद्यावरच्या खुर्चीच्या सावलीसारखीच. उजेड बाहेरून येते, बाई... मला रागच आला. एका शब्दानं सांगता आलं नसतं का या माणसाला? मला अजून वाटतं, मी येऊन पाहावं म्हणूनच मुद्दाम सांगितलं नसेल.

"हा पडदा धुवून टाकू का?" कुसुमबाईंनी विचारलं. "धानाच्या पोत्यायवर झाकाले होईल."

"हात लावू नका," मी म्हटलं. मग तिथंच लॅपटॉप उघडला, खेळाच्या पहिल्या चित्रावर भाऊंचं नाव टाकलं आणि नावाखाली ते म्हणाले होते तेवढंच लिहिलं. पडद्याचा चांगला फोटो घ्यावा म्हणून मागं सरकत सरकत खिडकीशी जाऊन उभी राहिले. कुसुमबाई खाटेवर बसल्या होत्या, भाऊंच्या जागेवर, पडद्याकडं तोंड करून. मागं न पाहताच म्हणाल्या, "बाई, उजेड सोड."

मी बाजूला झाले.