दिराच्या हातावरचं दही
आज लेक प्रवासाला निघाली, तिच्या हातावर दही-साखर ठेवताना दिराचा तळहात आठवला. तेव्हा आम्ही मीरा रोडला नवीन होतो आणि तो नोकरीसाठी नायजेरियाला निघाला होता. मी म्हटलं, "भाऊजी, तिकडे डासांमुळे पिवळा ताप येतो, त्याची लस घ्या, नाहीतर विमानात चढू देणार नाहीत." भरल्या घरात तो हसला. "वहिनी, भाईंदरच्या खाडीचे मच्छर पचवलेत मी! तुम्ही पोळ्या बघा." माझा नवराही हसला. रात्री मी निरोपाचं दही दिलं. सकाळी विमानतळावरून परत पाठवलेला दीर निरोपाचा सुकलेला हार घालूनच जिना चढला. अख्खी बिल्डिंग बघत होती. मी वाटी घेऊन दारातच उभी राहिले. "हात पुढे करा, भाऊजी. आता सुई टोचून घ्यायला निघायचंय ना?" त्याने मान खाली घालून दही चाटलं. गोडी अजून माझ्या जिभेवर आहे.