मिस अर्लीनची ब्यूक

लव्हेल प्रूइटला जनगणनेत नोकरी लागली, हे मेकन गावातल्या आमच्या गल्लीत कुणाला खरंच वाटेना. ज्याच्या बोटांचे ठसे पोलिसांकडे आधीपासून पडून होते, त्याचे सरकारने पुन्हा घेतले, कोर्टाचे कागद मागवले, आणि गुन्हा जुना, एकच आणि मारहाणीचा नाही हे पाहून चक्क गळ्यात ओळखपत्र अडकवलं. गेल्या जनगणनेत, २००० साली, तो तुरुंगातल्या माणसांत मोजला गेला होता. "चला, आता हा विचारून घरात शिरणार!" म्हणत न्हाव्याच्या दुकानात सगळे खिदळत होते.

गुन्हा म्हणजे गल्लीतल्याच मिस अर्लीनची निळी ब्यूक गाडी. विशीत लव्हेलने आणि आणखी एका पोराने ती पळवली आणि पीचच्या बागेत चिखलात रुतवली. दुसरा पसार झाला. त्याचं नाव घेतलं असतं तर शिक्षा कमी झाली असती, पण लव्हेलने तोंड उघडलं नाही.

आता नेमकं तिचंच दार उरलं होतं. दोन गणक हात हलवत परतले होते. "हे घर जमव," जनगणनेच्या साहेबीणबाई लव्हेलला म्हणाल्या, "पुढच्या वस्तीचं काम तुझं." ते काम लव्हेलला मनापासून हवं होतं.

"मिस अर्लीन, मी लव्हेल."

"दिसतंय. गाडी विकली मी."

"गाडी नको हो. जनगणनेच्या दिवशी, एक एप्रिलला, या घरात कोण कोण राहत होतं, तेवढं सांगा."

"मी एकटी."

तिच्या मागून एक पोर धावत गेलं, दुसरं बिस्किटासाठी भोकाड पसरून बसलं. लव्हेलने पोरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"लेक पोरं घेऊन आलीय हे घरमालकाला कळलं, तर उद्या माझं सामान रस्त्यावर," ती पुटपुटली.

"त्याला नाही कळणार. पोलिसांना नाही, कोर्टालाही नाही. नावं बहात्तर वर्षं कुलपात. मी जन्मभराची शपथ घेतलीय, बोललो तर पुन्हा आत. आणि पोरं मोजायची राहिली तर दहा वर्षं त्यांच्या शाळेचा पैसा दुसरीकडे जाईल."

"म्हणे शपथ!" तिने नाक मुरडलं. "बरं, मग सांग. गाडीत तुझ्याबरोबर कोण होतं?"

गाडी तिची, विचारायचा हक्कही तिचाच. पुढच्या वस्तीचं काम डोळ्यांसमोरून निघून गेलं.

"ते नाही सांगता येणार, मिस अर्लीन. माफ करा." तो पायऱ्या उतरू लागला. फार वाईट वाटत होतं त्याला.

"थांब रे!" मागे जाळीच्या दाराची कडी वाजली. "माझाच भाचा होता, सेड्रिक. थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की खाता खाता रडून कबूल झाला मेला. म्हटलं, बघू तू सांगतोस का."

लव्हेल पायऱ्या चढून परत आला. तिने खुर्ची ओढली, गोड गार चहाचा पेला ठेवला.

"लिही, सहा जण आहोत आम्ही. आणि आधी पाय पूस. गाडीत केवढा चिखल केला होतास!"