संत्र्याच्या सालींची हातभट्टी

आईच्या हातांना कणकेतलं मीठ झोंबायचं, म्हणून नवव्या वर्षापासून आमच्या घरची कणीक मीच भिजवली. हिंगण्याच्या ज्या शाळेत मी शिकले, तिथले संडास ती अ‍ॅसिडने धुवायची. हातमोजे कोण देणार? बोटांची सालं निघायची. त्याच हातांच्या कमाईवर मी बीएस्सी, बीएड झाले. आमच्या घरातली पहिली. हे मी कुणालाही मान वर करून सांगते.

पुढे त्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तेव्हाही आई तिथे कंत्राटावर सफाई करतच होती. पहिल्या तासाला माझ्या वर्गात तिचा खोकला ऐकू यायचा.

डिसेंबरात संत्री आली, तशा मी सातवीच्या मुलांना घरून साली आणायला सांगितल्या. साली, गूळ आणि पाणी प्लास्टिकच्या बाटल्यांत भरलं. तीन महिन्यांत त्याचं आंबट पाणी होतं, ते अ‍ॅसिडऐवजी संडास धुवायला चालतं. सुरुवातीला गॅस होतो, झाकण रोज सैल करावं लागतं. चाळीस बाटल्या मागच्या खोलीत ठेवल्या. किल्ली आईकडे.

आठव्या दिवशी वास सुटला. गूळ आंबल्याचा वास आमच्या भागात कुणाला ओळखू येत नाही? एक पालक तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरले.

"सर, शाळेत दारू गाळून राहिले का तुम्ही? माझं पोरगं घरचा गूळ चोरून राहिलं!"

मला हसू आलं. सरांना आलं नाही.

"मॅडम, उद्यापर्यंत बाटल्या फेका. आणि किल्ली ज्यांच्याकडे होती, त्यांच्या कंत्राटाचंही बघावं लागेल."

आई दारातच उभी होती, हातात झाडू.

घरी आल्यावर ती फुटली. "काहून वं हा खटाटोप? माझे हात जळते तर जळू दे! काम गेलं तर तुझ्या जिवावर बसू का मी?"

सकाळी मी सरांना म्हटलं, "बाटल्या मी घरी नेते. मार्चमध्ये याच पाण्याने तुमच्यासमोर संडास धुऊन दाखवू. डाग नाही निघाला तर चूक माझी, आईची नाही."

"ठीक. तोवर त्यांचं नवं कंत्राट माझ्या टेबलावर राहील. बिनसहीचं."

बाटल्या घरी आल्या. संध्याकाळी झाकणं आईच सैल करायची. फुस्स, फुस्स. एकदा म्हणाली, "शेजारीण विचारून राहिली, गिलास कितीले देता?"

मार्चमध्ये मुलांच्या संडासात आईने ते पाणी ओतलं. अर्ध्या तासाने घासलं. पिवळा डाग तसाच. सरांनी घड्याळ पाहिलं.

"थांबा ना सर," आई म्हणाली, "अ‍ॅसिडले घाई राहते. याले नाही."

तिने पुन्हा ओतलं. आम्ही तिघं तिथेच उभे राहिलो. मग तिने उघड्या हातांनी ब्रश धरला आणि घासत राहिली. खालची पांढरी फरशी दिसू लागली. एका कोपऱ्यातला डाग उरला.

"तो जुना आहे," ती म्हणाली. "अ‍ॅसिडनंही गेला नव्हता."

सर खोलीत गेले आणि त्यांनी कंत्राटावर सही केली.

त्याला दोन वर्षं झाली. शाळेत अ‍ॅसिडची बाटली येत नाही. सालींचं पाणी दरवर्षी सातवीची मुलं करतात. घरची कणीक आता आई भिजवते.